हाय-स्ट्रेंग्थ स्टेनलेस स्प्रिंग स्टील: ग्रेड निवडण्यापासून तुटलेली स्प्रिंग तपासण्यापर्यंत

३०४ या स्टेनलेस ग्रेडची मऊ तार आणि ३०४ चीच स्प्रिंगसाठी ओढलेली तार प्रयोगशाळेत पाठवली, तर दोन्हींचा रासायनिक अहवाल सारखाच येतो. पण पहिली हाताने वाकवली की वाकलेलीच राहते आणि दुसरी सोडताच ताडकन मूळ जागी परतते. मऊ स्थितीत या पोलादाचे टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) साधारण ५२० ते ७०० मेगापास्कल असते. १ मिमी जाडीच्या स्प्रिंग तारेत तेच १८०० च्या पुढे जाते. म्हणून "३०४ ची स्प्रिंग" किंवा "३०१ ची पट्टी" एवढे लिहून माल मागवणे म्हणजे अर्धीच माहिती देणे आहे. ग्रेडचा आकडा रसायन सांगतो. ताकद ठरते ती त्या धातूवर पुढे काय प्रक्रिया झाली यावर. या लेखातली जवळपास प्रत्येक सूचना फिरून याच मुद्द्याशी येते.

## ताकद येते कुठून

साध्या कार्बन स्प्रिंग स्टीलला बहुतेक वेळा तापवून, तेलात बुडवून कडक करता येते. स्टेनलेसच्या ३०० मालिकेला हा मार्ग बंद आहे. ३०१, ३०२, ३०४, ३१६ हे ऑस्टेनिटिक प्रकार तापवून झटकन थंड केले तर उलट मऊ पडतात. त्यांना ताकद मिळते ती थंड अवस्थेतच डायमधून ओढून किंवा रोलमधून दाबून. तार जितकी बारीक होत जाते तितके तिच्यावर काम जास्त झालेले असते, म्हणून बारीक तार जाड तारेपेक्षा प्रति चौरस मिलिमीटर अधिक बळकट असते. ३०२ तारेचे ढोबळ आकडे असे: ०.५ मिमीला सुमारे २०५० मेगापास्कल, १ मिमीला १८५०, २ मिमीला १७००, ४ मिमीला १४५०. जाड तारेच्या हिशेबात बारीक तारेचा आकडा वापरला की स्प्रिंग पहिल्याच आठवड्यात बसते, म्हणजे कायमची आखूड होते.

या थंड कामात आणखी एक गोष्ट घडते. ३०१ सारख्या कमी निकेलच्या प्रकारात ऑस्टेनाइटचा (या पोलादाच्या मूळ स्फटिकरचनेचा) काही भाग मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत बदलतो. हा मार्टेन्साइट कडक असतो आणि चुंबकाला चिकटतो. "लोहचुंबक चिकटला, म्हणजे स्टेनलेस नकली" असे म्हणून चांगला माल परत पाठवणारे लोक आजही भेटतात. स्प्रिंग तार किंवा फुल हार्ड (पूर्ण कडक रोल केलेली) पट्टी चुंबकाकडे ओढली जाणे अपेक्षितच आहे. चुंबकत्व अजिबात चालणार नसेल, उदाहरणार्थ संवेदनशील मोजमाप यंत्रात, तर ३१६ कडे वळावे, कारण जास्त निकेलमुळे तिचा ऑस्टेनाइट बराच स्थिर राहतो. तरीही माल हातात आल्यावर तपासून घ्यावाच.

ताकद मिळवायचा दुसरा मार्ग म्हणजे प्रेसिपिटेशन हार्डनिंग. १७-७ पीएच या पोलादात सुमारे १७ टक्के क्रोमियम, ७ टक्के निकेल आणि १ टक्का ॲल्युमिनियम असते. हे आधी थंड अवस्थेत ओढतात, त्याला आकार देतात आणि मग ४८० अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात. तेवढ्या वेळात निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होऊन टेन्साइल सुमारे ३०० मेगापास्कलने वर जाते. तिसरा मार्ग ४२० सारख्या मार्टेन्सिटिक प्रकारांचा. त्यांना कार्बन स्टीलसारखेच तापवून, थंड करून, टेम्पर (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी) करता येते. कडकपणा उत्तम मिळतो, पण गंजरोधकता तिन्हींत सर्वांत कमी.

## पायरी १: स्प्रिंग कुठे काम करणार ते आधी लिहून काढा

ग्रेडचा विचार करण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर हव्यात: किती तापमान, कोणता द्रव किंवा वायू लागणार, भार स्थिर आहे की सतत बदलता, आयुष्यात किती वेळा दबणार, आणि काही काळाने भार किती टक्के कमी झालेला चालेल. यातला शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. गरम जागी दाबून ठेवलेली स्प्रिंग न तुटताही हळूहळू ढिली पडते. याला रिलॅक्सेशन म्हणतात. व्हॉल्व्हच्या सीटवर दाब धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगला १० टक्के घटही महाग पडू शकते, तर दाराच्या कडीतल्या स्प्रिंगला तिचे काहीच वाटत नाही.

तापमानाची ढोबळ मर्यादा ३०२ ला सुमारे २६० अंश आणि १७-७ पीएचला सुमारे ३४० अंश धरतात. त्यापुढे निकेल मिश्रधातू लागतात. भार मोठा असेल तर या मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून ढिलेपणा सुरू होतो, म्हणून आकड्याला चिकटून आखणी करू नका.

स्प्रिंगमधून वीज वाहायची असेल तर थांबा. स्टेनलेसची वाहकता तांब्याच्या २ ते ३ टक्के इतकीच असते. तिथे बेरिलियम कॉपर किंवा फॉस्फर ब्राँझचे काम आहे. बटणाखालचे टिकटिक वाजणारे धातूचे डोम स्टेनलेसचे असतात खरे, पण त्यांच्यातून फक्त क्षीण संकेत जातो.

## पायरी २: ग्रेड निवडा

पट्टीसाठी पहिली निवड ३०१. युरोपीय क्रमांक १.४३१०. क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल ६ ते ८, कार्बन ०.१५ टक्क्यापर्यंत. निकेल कमी असल्यामुळे ती रोलिंगमध्ये झपाट्याने कडक होते. क्लिप, वॉशर, डिस्क स्प्रिंग, स्थिर बळ देणाऱ्या गुंडाळीच्या स्प्रिंग, इंजिनातले बहुस्तरीय हेड गॅस्केट हा सगळा हिचा प्रांत. हेड गॅस्केटमध्ये तर पातळ ३०१ पट्टीवर उठवलेली कड इंजिन तापताना आणि निवताना प्रत्येक वेळी फट भरून काढते. बाहेरून पाहणाऱ्याला ती स्प्रिंग वाटतही नाही. कडक रोल केलेल्या या कुळातल्या पोलादाचा सर्वांत देखणा वापर मात्र स्प्रिंगबाहेरचा आहे. १९३४ साली अमेरिकेत बड कंपनीने पायोनिअर झेफर ही आगगाडी कोल्ड रोल्ड १८-८ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) स्टेनलेसमध्ये बांधली. वेल्डिंगच्या उष्णतेने ही ताकद जाते, हे माहीत असल्यामुळे क्षणभरच, मोजून मापून विद्युतप्रवाह सोडणारी खास स्पॉट वेल्डिंगची पद्धत त्या कंपनीने वापरली होती.

तारेसाठी नेहमीची निवड ३०२, किंवा तिची कमी कार्बनची बहीण ३०४. दोघींत फरक मुख्यतः कार्बनचा: ३०२ मध्ये कमाल ०.१५ आणि ३०४ मध्ये कमाल सुमारे ०.०८ टक्के. हातात धरायचे एक्स-रे विश्लेषक यंत्र कार्बन वाचू शकत नाही, तेव्हा "यंत्राने तपासून ३०२ असल्याची खात्री केली" या वाक्यावर विसंबू नका. मिलचा चाचणी दाखलाच पाहावा लागतो.

क्लोराइड (मीठ, समुद्राचे पाणी) असेल तर ३१६. तिच्यात २ टक्क्यांहून अधिक मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खड्डे पाडणारा गंज लांबतो. बदल्यात ताकद सोडावी लागते: त्याच व्यासाची ३१६ तार ३०२ पेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी टेन्साइलची मिळते. आणि साचलेल्या समुद्राच्या पाण्यात, जिथे वेढे एकमेकांना टेकतात त्या फटीत, ३१६ सुद्धा गंजते. ३१६ म्हणजे समुद्रात अमर, हा समज महागात पडतो.

भार मोठा, जागा कमी, किंवा तापमान जास्त असेल तर १७-७ पीएच, क्रमांक १.४५६८. विमानांचे भाग, दाबमापकांतल्या बेलोज, नाजूक व्हॉल्व्ह इथे ती दिसते. गंजाच्या बाबतीत ती ३०२ च्या आसपास किंवा थोडी मागेच आहे, म्हणजे जास्त किंमत मोजून मिळते ती ताकद, गंजरोधकता नव्हे.

४२० कुळाची, विशेषतः थोडे मॉलिब्डेनम मिसळलेली, कडक आणि टेम्पर केलेली गुळगुळीत पट्टी रेफ्रिजरेटरच्या कॉम्प्रेसरमधल्या फडफडणाऱ्या रीड व्हॉल्व्हमध्ये वापरतात. तिथे वातावरण बंदिस्त आणि तेलकट असते, गंजाची भीती कमी, पण झडप कोट्यवधी वेळा उघडते आणि मिटते. तिथे तिला तोड नाही. ओलसर उघड्या जागी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

## पायरी ३: अवस्था ठरवा आणि ऑर्डर नीट लिहा

पट्टी पाव, अर्धी, पाऊण आणि फुल हार्ड अशा टेम्परमध्ये, म्हणजे कडकपणाच्या पायऱ्यांत, येते. अमेरिकी मानकानुसार ३०१ चे किमान टेन्साइल पाव हार्डला सुमारे ८६० मेगापास्कल, अर्ध्या हार्डला १०३५, पाऊणला १२०५ आणि फुल हार्डला १२७५. युरोपीय ईएन १०१५१ मानकात हीच गोष्ट थेट आकड्यात लिहितात. "+सी१३००" म्हणजे १३०० ते १५०० मेगापास्कल. मला ही पद्धत जास्त आवडते. "फुल हार्ड" या शब्दाचा अर्थ विकणारा आणि घेणारा वेगवेगळा लावू शकतात, आकड्याचा लावू शकत नाहीत.

जितके कडक तितके चांगले, असे समजू नका. पट्टीला तीक्ष्ण वाक द्यायचा असेल तर फुल हार्ड तिथेच फुटेल. रेखाटनात सर्वांत लहान वाक कोणता आहे ते पाहा आणि तो सोसेल एवढाच टेम्पर घ्या. गरज पडली तर वाकाची त्रिज्या वाढवा. बहुतेक वेळा रेखाटन बदलणे मालापेक्षा स्वस्त असते.

तारेच्या ऑर्डरमध्ये ग्रेड, व्यास आणि त्याचा टॉलरन्स (चालणारा फरक), मानक (ईएन १०२७०-३ किंवा एएसटीएम ए३१३), टेन्साइलची श्रेणी आणि पृष्ठभागाचा लेप एवढे हवेच. लेप विसरला जातो. स्टेनलेस तार कॉइलिंग यंत्राच्या हत्यारांना चिकटते, म्हणून तिच्यावर निकेलचा पातळ थर किंवा साबणाचा लेप देतात. निकेल थर घसरणीला उत्तम, पण औषध, अन्न किंवा व्हॅक्यूमच्या कामात तो नको असतो. तसे ऑर्डरमध्येच लिहा. पट्टीच्या ऑर्डरमध्ये जाडीचा टॉलरन्स घट्ट ठेवा, कारण चपट्या स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी ५ टक्के वाढली की बळ सुमारे १६ टक्के वाढते.

## पायरी ४: हिशेब

कार्बन स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी त्याच मापाची स्टेनलेस बसवली की ती मऊ लागते. यात मालाचा दोष नाही. स्प्रिंगचा ताठपणा टेन्साइलवर अवलंबून नसतो, तो शिअर मॉड्युलसवर (पिळाला धातू किती ताठ राहतो त्या आकड्यावर) अवलंबून असतो. म्युझिक वायरचा (कार्बन स्टीलच्या स्प्रिंग तारेचा) मॉड्युलस सुमारे ८१,५०० मेगापास्कल. ३०२ चा ओढलेल्या स्थितीत ७०,००० आणि भट्टीनंतर ७३,०००. ३१६ चा भट्टीनंतर ७१,०००, आणि एज केलेल्या (भट्टीत ठेवून कडक केलेल्या) १७-७ चा ७८,०००.

उदाहरण घेऊ. तार २ मिमी, वेढ्यांचा सरासरी व्यास १६ मिमी, कार्यरत (टोकांचे सोडून दबणारे) वेढे ८, एकूण वेढे १०, मोकळी लांबी ४८ मिमी. ताठपणा काढायचा तर मॉड्युलसला तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने गुणा आणि आलेल्या आकड्याला ८, सरासरी व्यासाचा घन आणि कार्यरत वेढे यांच्या गुणाकाराने भागा. ३०२ साठी ७३,००० × १६ भागिले ८ × ४,०९६ × ८, म्हणजे ४.४६ न्यूटन प्रति मिमी. म्युझिक वायरमध्ये हाच आकडा ४.९७ येतो. दहा टक्क्यांची ही तूट भरून काढायला तार २.०६ मिमी घ्या किंवा कार्यरत वेढे ८ ऐवजी सुमारे ७.२ ठेवा. दोन्हींमुळे ताण वाढतो, तेव्हा पुढचा हिशेब नव्याने करायचा.

आता ताण. स्प्रिंग २० मिमी दाबली तर बळ ८९ न्यूटन. ताणाचे सूत्र: ८ × बळ × सरासरी व्यास × वाल गुणक (वळणामुळे वाढणारा ताण धरणारा आकडा), भागिले पाय (π) × तारेच्या व्यासाचा घन. व्यासांचे गुणोत्तर १६ भागिले २, म्हणजे ८. त्यासाठी वाल गुणक १.१८. उत्तर येते सुमारे ५३७ मेगापास्कल. २ मिमी ३०२ तारेचे टेन्साइल १,६९० धरले तर हे ३२ टक्के. प्रीसेट न केलेल्या (आधीच पूर्ण दाबून न बसवलेल्या) ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्प्रिंगसाठी स्थिर भाराखाली ३५ टक्क्यांची मर्यादा धरतात, म्हणजे स्प्रिंग पास. म्युझिक वायरला हीच मर्यादा ४५ टक्के असते, हा फरक ध्यानात ठेवा.

पण इथे थांबू नका. जोडणी करताना कामगार स्प्रिंग पूर्ण दाबून आत ढकलतो. दहा वेढ्यांची घट्ट लांबी २० मिमी, म्हणजे दाब २८ मिमी, ताण ७५२ मेगापास्कल, टेन्साइलच्या ४४ टक्क्यांहून जास्त. ही स्प्रिंग यंत्रात बसवण्यापूर्वीच थोडी बसलेली असेल. उपाय म्हणून १७-७ घेतली तर? तिचे टेन्साइल २ मिमीला किमान १,९०० च्या आसपास, पण मॉड्युलसही जास्त, म्हणून पूर्ण दाबल्यावर ताण ८०० च्या वर जातो. टक्केवारी ४४ वरून ४२ वर येते, एवढेच. भारी ग्रेड घेऊन भूमितीची चूक झाकत नाही. जागा असेल तर मोकळी लांबी ४३ मिमीवर आणा, मग २० मिमी दाबल्यावर घट्ट होण्याआधी ३ मिमी उरतात आणि पूर्ण दाबली तरी ताण सुमारे ६१८ वर, म्हणजे ३५ टक्क्यांच्या मर्यादेच्या किंचितच वर, थांबतो. ते जमत नसेल तर स्प्रिंग मुद्दाम जास्त लांब गुंडाळून, कारखान्यातच पूर्ण दाबून प्रीसेट करा. प्रीसेटनंतर मर्यादा ५५ ते ६५ टक्क्यांपर्यंत जाते.

सतत बदलणाऱ्या भाराखाली ही सगळी टक्केवारी खाली आणावी लागते, आणि तिथे पृष्ठभागाची स्थिती टेन्साइलइतकीच महत्त्वाची ठरते. गुणोत्तर ४ ते १२ च्या दरम्यान ठेवा. ४ पेक्षा कमी असेल तर गुंडाळताना तार आतून चिरडते, १२ पेक्षा जास्त असेल तर स्प्रिंगा एकमेकींत अडकतात आणि माप हातात राहत नाही.

## पायरी ५: आकार देणे

स्टेनलेसची परत उसळी जास्त असते. मँड्रेलवर (गुंडाळण्याच्या दांड्यावर) हाताने गुंडाळत असाल तर मँड्रेल हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा लहान लागतो. किती लहान, हे त्या तारेच्या रिळावर अवलंबून असते. नवे रीळ लावले की पुन्हा नमुना काढायचा. गती कमी ठेवा, वंगण भरपूर ठेवा, पण क्लोरीनयुक्त तेल वापरले तर भट्टीपूर्वी ते एकूण एक धुऊन काढा. भट्टीच्या उष्णतेत राहिलेले क्लोराइड गंजाचे बीज पेरते.

पट्टीत दोन नियम पाळा. वाकाची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी, म्हणजे काटकोनात ठेवा. रोलिंगच्या दिशेला समांतर वाक दिला तर बाहेरच्या बाजूला बारीक तडे जातात. दोन दिशांना वाक असतील तर भाग पट्टीवर ४५ अंशांत मांडा. दुसरे म्हणजे पंचिंगची बर (कापताना कडेला उठणारी धार) वाकाच्या आतल्या, दाबल्या जाणाऱ्या बाजूला ठेवा. फुल हार्ड ३०१ ला जाडीच्या चौपटीपेक्षा लहान आतली त्रिज्या द्यायची असेल तर आधी त्याच लॉटचा तुकडा वाकवून भिंगाखाली पाहा.

लेझरने कापल्यास कडेला वितळून गोठलेला ठिसूळ थर राहतो. थकव्याच्या, म्हणजे भार सतत बदलणाऱ्या, कामासाठी तो घासून काढावा लागतो. अगदी पातळ पट्टीला फोटो-एचिंग (रसायनाने कोरून कापणे) चांगले: बर नाही, उष्णता नाही, ताकद शाबूत. एकदा एज केलेल्या १७-७ ला पुन्हा वाकवायचा प्रयत्न करू नका. ती वाकत नाही, तुटते.

## पायरी ६: भट्टी

इथे सर्वांत जास्त माल बिघडतो, कारण वेगवेगळ्या ग्रेडना वेगवेगळे तापमान लागते आणि दिसायला सगळ्या स्प्रिंगा सारख्याच.

३०१, ३०२, ३०४, ३१६ साठी स्ट्रेस रिलीव्ह २५० ते ४२५ अंशांच्या पट्ट्यात होते. नेहमीचे काम ३२० ते ३४५ अंशांना, अर्धा ते एक तास. या उष्णतेने गुंडाळतानाचे अडकलेले ताण सुटतात आणि टेन्साइल थोडे वाढतेही. ४२५ च्या वर जाऊ नका. ४५० पासून ८५० पर्यंतच्या पट्ट्यात क्रोमियमचे कार्बाइड कणांच्या सीमेवर साचू लागतात, सीमेलगतचा भाग क्रोमियमला मुकतो आणि तिथून गंज शिरतो. शिवाय पट्ट्याच्या वरच्या भागात थंड कामाची ताकदही उतरू लागते.

१७-७ पीएचला याउलट ४८० अंशच लागतात, तासभर, आणि नंतर हवेत थंड. भट्टीच्या आतले तापमान कोपऱ्याकोपऱ्यात सारखे हवे. दोन ग्रेडची टोपली एकाच भट्टीत लावली तर एकीचे काम होते आणि दुसरीची वाट लागते. टोपल्यांना खुणेच्या पट्ट्या बांधणे हे कंटाळवाणे काम आहे, पण इथे त्याला पर्याय नाही.

कार्बन स्टीलच्या अनुभवावरून आलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. म्युझिक वायरची स्प्रिंग भट्टीत आवळते, स्टेनलेसची सैल होते, तिचा व्यास वाढतो. म्हणून पहिले दहा-वीस नग भट्टीतून काढून मोजा आणि मगच कॉइलिंगचे माप पक्के करा.

भट्टीतून आलेल्या स्प्रिंगवर फिकट सोनेरी ते तपकिरी झाक असते. ती उष्णतेने जाडावलेली ऑक्साइडची झिल्ली. कोरड्या जागी चालते, ओल असेल तर काढावी लागते.

## पायरी ७: पृष्ठभाग

"स्टेनलेस आहे, तरी चार दिवसांत तांबूस डाग पडले" ही तक्रार बहुतेक वेळा पोलादाची नसते. हत्यारांवरून, ग्राइंडिंगच्या चाकावरून, शेजारच्या टेबलावरच्या लोखंडी भुशातून आलेले लोहकण पृष्ठभागात रुतलेले असतात आणि गंजतात ते तेच. म्हणून स्टेनलेसची चाके, ब्रश आणि टोपल्या वेगळ्या ठेवा.

हे कण काढण्याचे काम पॅसिव्हेशन करते. आधी तेल पूर्ण काढायचे, मग नायट्रिक आम्लाचे २० ते २५ टक्क्यांचे किंवा सायट्रिक आम्लाचे ४ ते १० टक्क्यांचे द्रावण, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे आणि वाळवणे. सायट्रिक माणसालाही सोपे आणि सांडपाण्यालाही. द्रावण करताना पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. तेल राहिलेल्या जागी आम्ल पोचत नाही, त्यामुळे घाईत पहिली पायरी वगळणाऱ्याचे पॅसिव्हेशन नावालाच होते. हायड्रोक्लोरिक आम्ल या स्प्रिंगांजवळ आणूच नये. ते क्लोराइडही देते आणि हायड्रोजनही, आणि मार्टेन्साइटने भरलेली कडक पट्टी, १७-७ किंवा ४२० हायड्रोजन पिऊन ठिसूळ होते.

थकव्याचे आयुष्य वाढवायला शॉट पीनिंग करतात, म्हणजे पृष्ठभागावर छर्रे मारतात. छर्रे काचेचे किंवा स्टेनलेसचे घ्या. साध्या पोलादाचे छर्रे वापरले तर वर म्हटलेली लोहकणांची रोपणी तुम्ही स्वतःच कराल. पीनिंगनंतर २०० ते २३० अंशांची हलकी उष्णता द्या, त्याहून जास्त दिली तर पीनिंगने आलेला दाबाचा ताण विरून जातो. प्रीसेट सर्वांत शेवटी.

## पायरी ८: तपासणी आणि बसवणी

स्प्रिंग ताठपणावर नाही, ठरलेल्या लांबीवरच्या भारावर तपासा: "२८ मिमीला ८९ न्यूटन, अधिक-उणे इतके". मोजण्याआधी तीनदा पूर्ण दाबा आणि मोकळी लांबी घटते का पाहा. पातळ पट्टीचा कडकपणा रॉकवेल सी वर मोजू नका, टोक आरपार खालच्या ऐरणीपर्यंत परिणाम पोचवते. तिथे व्हिकर्स ही हलक्या भाराची पद्धत. तारेसाठी टेन्साइल चाचणीच खरी.

बसवताना शेजारी कोण आहे ते बघा. ओलसर जागी ॲल्युमिनियमच्या घरात स्टेनलेस स्प्रिंग बसवली तर स्प्रिंग चकचकीत राहते आणि घर खाल्ले जाते. स्टेनलेसच्या दांड्यावर स्टेनलेस स्प्रिंग घासली तर दोन्ही एकमेकांना पकडतात, तेव्हा दांडा वेगळ्या धातूचा घ्या किंवा मध्ये प्लास्टिकची बाही घाला. गरम होणाऱ्या जुळणीत स्टेनलेसचे प्रसरण साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट असते, त्यासाठी फट सोडा.

## तुटली तर तुकडे धुऊ नका

तुटलेली स्प्रिंग कपड्याने पुसून, दोन तुकडे जुळवून बघण्याचा मोह होतो. त्यात पुरावा जातो. तुकडे वेगळे, कोरड्या पाकिटात ठेवा आणि भिंगातून तुटलेले तोंड पाहा.

वेढ्याच्या आतल्या बाजूने सुरुवात होऊन गुळगुळीत, कमानीसारख्या रेषा पसरलेल्या आणि शेवटचा भाग खडबडीत असेल तर तो थकवा. आतल्या बाजूला ताण सर्वांत जास्त असतो, त्यामुळे सुरुवात तिथेच होणे स्वाभाविक. सुरुवातीच्या बिंदूवर हत्याराचा ओरखडा दिसला तर दोष कॉइलिंगचा, काळा खड्डा दिसला तर गंजाचा. खड्डा सापडला तर नवी स्प्रिंग ३१६ ची करून पाहता येते, पण ताकद कमी झाल्यामुळे हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ओढून लांबवायच्या स्प्रिंगमध्ये तुटण्याची जागा बहुधा हुकच्या वाकात असते. तिथे ग्रेड बदलून फारसे साधत नाही, वाकाची त्रिज्या वाढवावी लागते.

फारशी हालचालच झाली नव्हती, नुसती दाबून ठेवली होती आणि काही तासांत किंवा दिवसांत तुटली, तर हायड्रोजनचा संशय घ्या आणि आम्लाच्या टाकीपर्यंत मागे जा. गरम, खारट जागी कित्येक महिन्यांनी फांद्या फुटल्यासारखे तडे गेले असतील तर ते स्ट्रेस करोजन, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडलेले तडे. तिथे ताण कमी करणे किंवा ऑस्टेनिटिक कूळच सोडून डुप्लेक्स (मिश्र रचनेचे स्टेनलेस) किंवा निकेल मिश्रधातूकडे जाणे हे मार्ग आहेत.

आणि तुटली नाही, नुसती बसली असेल तर आधी तिची आजची मोकळी लांबी रेखाटनाशी ताडून पाहा. मग जास्तीत जास्त दाबल्यावरचा ताण पायरी ४ प्रमाणे काढा. आकडा मर्यादेत असेल तर भट्टीची नोंदवही मागवा आणि त्या लॉटच्या दिवशी टोपलीवर कोणत्या ग्रेडची पट्टी होती ते बघा.